मोठी अक्षरे, इंग्रजी लेखनातील

इंग्रजी भाषा ज्या रोमन वर्णमालेत लिहिली जाते, तिच्यातील प्रत्येक अक्षराला दोन रूपे आहेत. त्यांपैकी मोठ्या रूपास मोठे किंवा कॅपिटल अक्षर व दुसऱ्यास लहान किंवा स्मॉल अक्षर म्हणतात. वाक्याचा आरंभ, विशेषनामे व त्यांपासून साधलेली विशेषणे, 'मी' या अर्थाचे सर्वनाम इ. ठिकाणी मोठे अक्षर वापरण्याचा संकेत इंग्रजीत रूढ आहे. या दोन रूपांच्या उच्चारात कोणताही फरक नसतो. भेद असतो तो केवळ लेखनात. ग्रीक, सिरिलिक व आर्मेनियन लिप्यांत असाच भेद आढळतो. देवनागरी, अरबी, हिब्रू यांसारख्या लिप्यांत तो नाही.

महाराष्ट्रातील मराठी शाळांत इंग्रजी शिकविताना मोठ्या अक्षरांच्या संचास 'पहिली लिपी' आणि लहान अक्षरांच्या संचास 'दुसरी लिपी' म्हणण्याची रीत आहे. हे नाव अध्यापनाच्या सोयीसाठी पडलेले असले, तरी इतिहासाच्या दृष्टीने ते यथार्थ आहे. मोठी व लहान अक्षरे ही मुळात एकाच वर्णमालेची, परंतु सुमारे सात शतकांच्या अंतराने सिद्ध झालेली दोन स्वतंत्र वळणे होत. ती एका ओळीत नांदू लागल्यावर कोणत्या शब्दाला पहिल्या लिपीचा मान द्यावा, हा प्रश्न निर्माण झाला. त्याचे उत्तर व्याकरणाने एकदाच व कायमचे दिलेले नाही. लेखनिक, मुद्रक, शिक्षक, संपादक आणि प्रसंगी स्वतःच्या नावाचा आग्रह धरणारे समाज यांच्या व्यवहारातून ते वेळोवेळी ठरत आले आहे.

उगम : रोमन साम्राज्यातील शिलालेखांची अक्षरे हे आजच्या मोठ्या अक्षरांचे मूळ होय. रोम येथील ट्रेजन सम्राटाच्या स्तंभाच्या (इ. स. ११३) पायथ्याशी कोरलेला लेख हा या वळणाचा आदर्श नमुना मानला जातो. त्यातील सर्व अक्षरे दोन समांतर रेषांमध्ये बसणारी, सारख्या उंचीची आहेत. त्या काळी लहान अक्षरांचा संच वेगळा नसल्याने 'मोठे' अक्षर ही कल्पनाही नव्हती. ग्रंथलेखनासाठी पुढे अन्शल हे गोलाकार वळण प्रचारात आले. चौथ्या ते आठव्या शतकांत ते विशेष रूढ होते. त्याच्याच जोडीने विकसित झालेल्या हाफ-अन्शल वळणात काही अक्षरांचे दंड ओळीच्या वर व खाली जाऊ लागले. लहान अक्षरांची बीजे या बदलात दिसतात. आयर्लंड व ब्रिटन येथील मठांत या वळणाचा स्वतंत्र विकास झाला. आठव्या शतकाच्या प्रारंभीची लिंडिसफार्न शुभवर्तमानांची पोथी हे त्याचे विख्यात उदाहरण होय.

लहान अक्षरांचा स्थिर संच शार्लमेन (कार. ७६८–८१४) याच्या राज्यात सिद्ध झाला. धर्मग्रंथांच्या शुद्ध व सुवाच्य प्रती तयार करण्याच्या गरजेतून फ्रँकिश मठांत जे वळण घडले, त्यास कॅरोलिंजियन मिनस्क्यूल म्हणतात. त्याच्या प्रसारात यॉर्कचा विद्वान ॲल्क्विन याचा मोठा वाटा होता. ७९६ ते ८०४ या काळात तो तूर येथील सेंट मार्टिन मठाचा अधिपती होता. या पोथ्यांत लिप्यांची एक उतरंड दिसते : ग्रंथाचे शीर्षक शिलालेखी वळणात, प्रकरणाचा आरंभ अन्शल वळणात आणि पुढील मजकूर लहान अक्षरांत. जुन्या लिपीला प्रतिष्ठेचे व नव्या लिपीला नित्य कामाचे स्थान द्यावे, ही विभागणी येथे प्रथम स्पष्टपणे प्रत्ययास येते. आजचे वाक्यारंभीचे मोठे अक्षर हा तिचाच अवशेष होय.

इटलीतील मानवतावादी विद्वानांनी पंधराव्या शतकाच्या आरंभी या वळणाचे पुनरुज्जीवन केले. पॉद्जो ब्रात्चोलीनी (१३८०–१४५९) व त्याचे सहकारी ज्या जुन्या पोथ्यांच्या शोधात होते, त्यांतील पुष्कळशा कॅरोलिंजियन काळात नकललेल्या होत्या. ते वळण प्राचीन रोमनांचेच असावे, अशा समजुतीने त्यांनी त्यास 'प्राचीन लिपी' असे नाव दिले आणि त्याला शिलालेखांतील मोठ्या अक्षरांची जोड दिली. व्हेनिस येथे नीकोला झांसाँ याने १४७० मध्ये कोरविलेल्या खिळ्यांत या दोन्ही लिप्यांचा उत्कृष्ट मेळ साधलेला दिसतो. तथापि त्यांचे भिन्नत्व लगेच लोपले नाही. आल्दुस मानुत्सिउस याने १५०१ मध्ये तिरप्या वळणाच्या खिळ्यांत व्हर्जिलचे काव्य छापले, तेव्हा त्यातील लहान अक्षरे तेवढी तिरपी होती. मोठी अक्षरे शिलालेखातल्यासारखी सरळच उभी होती.

इंग्रजी हस्तलिखिते : प्राचीन इंग्रजीच्या पोथ्यांत मोठे अक्षर प्रामुख्याने ग्रंथाच्या किंवा खंडाच्या आरंभी येते. व्यक्तींची व स्थळांची नावे सामान्यतः लहान अक्षरांतच लिहिलेली आढळतात. बेवुल्फ या महाकाव्याची इ. स. १००० च्या सुमाराची पोथीही यास अपवाद नाही. विशेषनामाला मोठे अक्षर देण्याची प्रथा मध्ययुगाच्या उत्तरार्धात हळूहळू वाढली. परंतु ती बराच काळ लेखनिकाच्या मर्जीवर अवलंबून होती. एकाच पानावर एकच नाव दोन्ही प्रकारे लिहिलेले आढळणे ही त्या काळी नवलाची गोष्ट नव्हती.

'मी' या अर्थाचे 'आय' हे सर्वनाम इंग्रजीत नेहमी मोठ्या अक्षराने लिहितात. त्यावरून इंग्रजांच्या अहंभावाविषयी केली जाणारी अनुमाने निराधार आहेत. प्राचीन इंग्रजीत या सर्वनामाचे रूप दोन अक्षरी होते. त्यातील अंत्य व्यंजन मध्ययुगात लोपले व केवळ एका दंडाचे, सहज नजरेतून निसटणारे अक्षर उरले. ते शेजारच्या शब्दास चिकटू नये किंवा अर्धवट राहिलेली रेघ वाटू नये, म्हणून तेराव्या शतकापासून लेखनिक ते उंच काढू लागले. मुद्रणामुळे ही सवय नियमासारखी स्थिर झाली. याच भाषेत 'माझा', 'मला' या अर्थांची रूपे मात्र लहान अक्षरानेच लिहिली जातात, ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे.

मुद्रणाचा काळ : विल्यम कॅक्स्टन याने १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टर येथे मुद्रणालय स्थापिले. छापखान्यात जुळारी आपल्यासमोर खिळ्यांची दोन खणांची खोकी तिरपी मांडून बसत. वरच्या खोक्यात मोठी व खालच्यात लहान अक्षरे असत. त्यावरूनच त्यांना 'अप्पर केस' व 'लोअर केस' ही नावे पडली. मोठे अक्षर हवे असल्यास जुळाऱ्याला हात वरच्या खोक्याकडे न्यावा लागे. त्यामुळे कोणत्या शब्दाला ते द्यावयाचे, हा निर्णय लेखकाइतकाच मुद्रकाचाही झाला. जोझेफ मॉक्सन (१६२७–९१) याने मुद्रणकलेवरील आपल्या १६८३–८४ च्या ग्रंथात जुळाऱ्याच्या कर्तव्यांत या निवडीचा समावेश केला आहे.

सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून विशेषनामांबरोबरच महत्त्वाच्या वाटणाऱ्या सामान्यनामांनाही मोठे अक्षर दिले जाऊ लागले. पदव्या, धर्मविषयक संज्ञा, अमूर्त गुणांची नावे आणि ज्यावर भर द्यावयाचा ते शब्द यांचा त्यात समावेश असे. शेक्सपिअरच्या नाटकांच्या १६२३ च्या पहिल्या एकत्रित आवृत्तीत अशी नामे विपुल आढळतात. आज ज्या प्रथेला परंपरागत श्रद्धेचे चिन्ह समजले जाते, ती मात्र त्या काळी रूढ नव्हती : १६११ च्या अधिकृत बायबलमध्ये ईश्वरासाठी येणारी सर्वनामे लहान अक्षरानेच छापली आहेत. त्याच ग्रंथात हिब्रूतील चतुरक्षरी ईश्वरनामाच्या जागी येणारा 'प्रभू' या अर्थाचा शब्द मात्र संपूर्णपणे मोठ्या अक्षरांत आहे.

नामांचे मोठे अक्षर, उत्कर्ष व ऱ्हास : सतराव्या शतकाच्या अखेरीस आणि अठराव्याच्या पूर्वार्धात हा प्रघात कळसास पोहोचला. इंग्रजी पुस्तकांत जवळजवळ प्रत्येक नाम मोठ्या अक्षराने छापले जाऊ लागले. जोनाथन स्विफ्टच्या गलिव्हर्स ट्रॅव्हल्सची १७२६ ची पहिली आवृत्ती या पद्धतीने छापलेली आहे. जर्मन भाषेत हाच प्रघात त्या सुमारास स्थिर होऊन पुढे शुद्धलेखनाचा नियम बनला व तो आजही पाळला जातो. इंग्रजीही त्याच वाटेने जाईल, असे त्या वेळी कोणास वाटले असते तर ते वावगे नव्हते.

प्रत्यक्षात उलट घडले. १७५० नंतरच्या काही दशकांत सामान्यनामांचे मोठे अक्षर मुद्रित इंग्रजीतून झपाट्याने नाहीसे झाले. हे कोणत्याही अकादमीच्या किंवा शासनाच्या आदेशाने झाले नाही. जेथे प्रत्येक नाम ठळक, तेथे ठळकपणाला अर्थ उरत नाही, हे त्यामागील एक कारण. पानाच्या सौंदर्याविषयीची बदललेली अभिरुची हे दुसरे. लिंडली मरी याने १७९५ च्या आपल्या इंग्रजी व्याकरणात, जुनी रीत त्रासदायक होती व तीमुळे पान गर्दीचे व गोंधळाचे दिसे, म्हणून ती सुटली, असे कारण नोंदविले आहे.

या बदलाविषयी सर्वच समाधानी नव्हते. बेंजामिन फ्रँक्लिन (१७०६–९०) हा स्वतः मुरलेला मुद्रक होता. त्याने डिसेंबर १७८९ मध्ये कोशकार नोहा वेब्स्टर यास लिहिलेल्या पत्रात जुन्या पद्धतीची बाजू घेतली आहे. राजसत्तेच्या पुनःस्थापनेपासून (१६६०) दुसऱ्या जॉर्जच्या राज्यारोहणापर्यंतच्या (१७२७) पुस्तकांत नामे मोठ्या अक्षरांनी ओळखता येत व भाषेशी फारसा परिचय नसलेल्यांना त्याचा उपयोग होई, असे तो म्हणतो. ओळीच्या वर डोकावणारी अक्षरे तिचा सारखेपणा बिघडवितात, या मुद्रकांच्या कल्पनेपायी ही सोय गेली, अशी त्याची तक्रार होती. परभाषा म्हणून इंग्रजी शिकणाऱ्यास या तक्रारीतील तथ्य आजही जाणवावे.

या संक्रमणकाळाचे प्रतिबिंब अमेरिकेच्या मूलभूत दस्तऐवजांत उमटले आहे. टॉमस जेफर्सन आपल्या लेखनात मोठ्या अक्षरांच्या बाबतीत इतका काटकसरी होता, की स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याच्या मसुद्यात त्याने वाक्यारंभीही लहान अक्षरे वापरली. जॉन डनलॅप याने जुलै १७७६ मध्ये छापलेली प्रत आणि नंतर चर्मपत्रावर सुवाच्य अक्षरात लिहिलेली प्रत यांतील मोठ्या अक्षरांची योजनाही परस्परांशी जुळत नाही. १७८७ च्या संविधानाच्या चर्मपत्रावर बहुतेक नामे मोठ्या अक्षरांत आहेत. ती त्या काळची लेखनरीत होती. म्हणून एखाद्या शब्दाच्या मोठ्या अक्षरावरून संविधानकर्त्यांचा खास हेतू काढू पाहणे धोक्याचे ठरते. जुने लेख वाचताना मोठे अक्षर हा पुरावा म्हणून वापरण्यापूर्वी ते कोणत्या काळाचे व कोणाच्या हातचे आहे, हे पाहणे अगत्याचे असते.

प्रचलित संकेत : एकोणिसाव्या शतकात शालेय व्याकरणांनी आणि त्याच्या अखेरीपासून मुद्रणसंस्थांच्या नियमपुस्तिकांनी आजचे संकेत स्थिर केले. ऑक्सफर्डच्या विद्यापीठ मुद्रणालयासाठी होरेस हार्ट याने १८९३ मध्ये केलेली नियमावली आणि शिकागो विद्यापीठ मुद्रणालयाची १९०६ मधील पुस्तिका या त्यांत विशेष प्रभावी ठरल्या. वाक्यारंभ, व्यक्ती, स्थळे, संस्था, भाषा, धर्म, वार व महिने यांची नावे मोठ्या अक्षराने लिहितात. ऋतूंची नावे लहान अक्षराने लिहितात. दिशावाचक शब्द केवळ दिशा दाखवीत असल्यास लहान आणि विशिष्ट प्रदेशाचे नाव झाल्यास मोठ्या अक्षराने येतो. 'आई' या अर्थाचा शब्द संबोधनाप्रमाणे नावाच्या जागी आला तर मोठे अक्षर घेतो. 'माझी आई' असे म्हणताना घेत नाही. यांमागील सूत्र एकच आहे : शब्द वर्ग दर्शवितो की एकमेव व्यक्ती वा वस्तूचे नाव म्हणून उभा आहे, हे वाचकास कळावे.

काही वेळा केवळ या भेदाने अर्थ बदलतो. मोठ्या अक्षराने लिहिलेला 'मार्च' हा महिना, तर लहान अक्षराचा 'मार्च' म्हणजे कूच; मोठ्या अक्षराचा 'चायना' हा देश, तर लहान अक्षराचा म्हणजे चिनी मातीची भांडी. विज्ञानात हा भेद रुचीचा विषय न राहता बंधनकारक होतो. सजीवांच्या द्विनाम पद्धतीत प्रजातीचे नाव मोठ्या व जातीचे लहान अक्षराने सुरू होते. कोबाल्टच्या चिन्हातील दुसरे अक्षर चुकून मोठे लिहिले, तर ते कार्बन मोनॉक्साइडचे सूत्र होते. मापनात लहान 'एम' हा उपसर्ग मिली व मोठा 'एम' मेगा दर्शवीत असल्याने त्या दोहोंत शंभर कोटी पटींचे अंतर पडते. न्यूटनच्या नावावरून आलेले बलाचे एकक शब्दरूपात लहान अक्षराने, पण चिन्हरूपात मोठ्या अक्षराने लिहितात.

यंत्रांनीही या संकेतांवर प्रभाव पाडला. १८७४ मध्ये विक्रीस आलेल्या शोल्स-ग्लिडन टंकलेखन यंत्रावर केवळ मोठी अक्षरे होती. १८७८ च्या रेमिंग्टन क्र. २ या यंत्रात 'शिफ्ट' कळीची सोय झाली. संगणकासाठी १९६३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आस्की संकेतावलीत लहान अक्षरांना स्थान नव्हते; ते १९६७ च्या आवृत्तीत मिळाले. मात्र संपूर्ण मजकूर मोठ्या अक्षरांत असल्यास वाचनाचा वेग मंदावतो, असे टंकाच्या वाचनीयतेविषयीच्या प्रयोगांत आढळले आहे. ब्रिटनमध्ये १९६५ पासून अंमलात आलेल्या रस्ताफलकांवर गावांची नावे आद्याक्षर मोठे व बाकीची लहान, अशा पद्धतीने लिहिली गेली.

नावाचा मान : कोणता शब्द विशेषनाम समजावयाचा, हा प्रश्न नेहमीच निरुपद्रवी नसतो. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकात इतर वांशिक समूहांची नावे मोठ्या अक्षराने छापली जात असताना 'नीग्रो' हा शब्द बहुधा लहान अक्षराने छापला जाई. समाजशास्त्रज्ञ डब्ल्यू. ई. बी. डू बॉइस (१८६८–१९६३) यांनी फिलाडेल्फियातील कृष्णवर्णीयांविषयीच्या १८९९ च्या आपल्या ग्रंथात हा शब्द आपण मोठ्या अक्षराने लिहिणार असल्याचे तळटीपेत सांगितले व ऐंशी लाख अमेरिकनांचा तेवढा हक्क आहे, असे कारण दिले. दीर्घ प्रयत्नांनंतर न्यूयॉर्क टाइम्सने मार्च १९३० मध्ये ही पद्धत स्वीकारली. १९६० नंतरच्या काळात तो शब्दच मागे पडून 'ब्लॅक' हा शब्द पुढे आला आणि तोच वाद पुन्हा उभा राहिला. जॉर्ज फ्लॉइड यांच्या मे २०२० मधील मृत्यूनंतर उसळलेल्या आंदोलनाच्या काळात, जून २०२० मध्ये असोशिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने व न्यूयॉर्क टाइम्सने या शब्दास मोठे अक्षर दिले. 'व्हाइट' या शब्दाविषयी मात्र एकवाक्यता झाली नाही : असोशिएटेड प्रेसने तो लहान अक्षरात ठेवला, तर वॉशिंग्टन पोस्टने मोठ्या. त्वचेचा रंग सांगणारे विशेषण आणि समान इतिहास असलेल्या समाजाचे नाव यांतील अंतर येथे एका अक्षरावर आले.

याच्या उलट प्रवासही घडतो. 'इंटरनेट' हा शब्द आरंभी एका विशिष्ट जालाचे नाव म्हणून मोठ्या अक्षराने लिहीत. तो विजेसारखा सर्वसामान्य झाल्यावर असोशिएटेड प्रेसने २०१६ मध्ये त्यास लहान अक्षर दिले. एका समाजाने मोठे अक्षर मिळविले ते मान म्हणून. एका वस्तूने ते गमावले ते परिचयामुळे.

मराठीशी संबंध : मराठीत हा भेद नसला, तरी त्याच्याशी मराठीचा संबंध जुना आहे. मूळचे इंग्रज असलेले जेझुइट फादर टॉमस स्टीव्हन्स यांचे ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये गोव्यातील रायतूर येथे रोमन लिपीत छापले गेले. म्हणजे मराठीचा एक आद्य मुद्रित ग्रंथ मोठी व लहान अक्षरे असलेल्या लिपीतच अवतरला. अलीकडे संगणकावर रोमन कळफलकाने मराठी लिहिण्याच्या काही पद्धतींत मोठ्या अक्षरास अगदी वेगळे काम मिळाले आहे. तेथे लहान 'टी' म्हणजे 'त' व मोठा 'टी' म्हणजे 'ट', लहान 'एन' म्हणजे 'न' व मोठा 'एन' म्हणजे 'ण'. जे अक्षर इंग्रजीत शब्दाची प्रतिष्ठा सांगते, ते येथे ध्वनी सांगते.

भाषांतरात ही उणीव अधिक जाणवते. इंग्रजी करारपत्रात व्याख्या केलेली संज्ञा पुढे मोठ्या अक्षराने येते व वाचक ती ओळखतो. मराठीत तेच कार्य 'यापुढे अमुक असे संबोधले आहे' अशा शब्दांनी किंवा ठळक टंकाने करावे लागते. दुसऱ्या दिशेने पाहता, दलित साहित्याच्या अनुवादांबरोबर इंग्रजीत विशेष रूढ झालेला 'दलित' हा शब्द तेथे दोन्ही प्रकारे छापलेला आढळतो. लहान अक्षराने तो स्थितिवाचक विशेषण वाटतो, तर मोठ्या अक्षराने एका समाजाने स्वतः स्वीकारलेले नाव. मराठी वाचक हा अर्थ संदर्भावरून जाणतो. इंग्रजीत अनुवादकाला पहिले अक्षर लिहितानाच तो ठरवावा लागतो. म्हणून इंग्रजीतील मोठ्या अक्षराचे नियम पाठ करणे पुरेसे नाही. शब्द वर्णन म्हणून योजला आहे की नाव म्हणून, हा विवेक त्या नियमांच्या मुळाशी आहे आणि लिपी कोणतीही असली, तरी लेखकाला तो टाळता येत नाही.